तेरड्याचा रंग आणि दोन फोटो

पावसाळा लागला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. उत्तराखंडातल्या 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'चे दोन फोटो शेजारीशेजारी, डावीकडे गुलाबी दरी, उजवीकडे नुसतं हिरवं. खाली मजकूर: दरी संपली. 1982 साली राष्ट्रीय उद्यान केलं, मेंढ्यांना बंदी घातली, मग परदेशी तणाने फुलं गिळली. आणि शास्त्रज्ञ चौकोन आखून फुलं मोजत बसलेत.

आधी फोटो. डावीकडचं गुलाबी म्हणजे आपल्या तेरड्याचं हिमालयातलं भावंड, भर ऑगस्टमधलं. जूनमध्ये बर्फ हटताहटता प्रिम्युला आणि अ‍ॅनिमोनी येतात, जुलैत निळी पॉपी, गुलाबी त्यानंतर. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपण उगाच म्हणत नाही. उजव्या फोटोवर तर तारीखच नाही. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो; लांबून मलाही हिरवंच दिसलं. पुष्पावती नदीच्या काठी बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर वीतभर जागेत पिवळी पोटेंटिला, जांभळं जिरॅनियम आणि ठिपक्याएवढं एक पांढरं फूल, ज्याचं नाव आमच्या गाइडलाही सांगता येईना. लांबून काढलेल्या फोटोत यातलं काय उमटणार?

तण परदेशी, हे साफ खोटं. तिथले लोक त्याला अमेला म्हणतात, ते हिमालयातलंच. परदेशी ते ब्रिटनमध्ये, बागेत शोभेला नेलं आणि तिथे बोकाळलं. इथेही ते माजतं, माणसाच्या उंचीचं होऊन खालच्या रोपांचं ऊन अडवतं, वनखातं ते उपटून काढतं. मेसेजमधलं तेवढं खरं.

मेंढ्यांचं उत्तर इतकं झटपट देता येत नाही. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ 1931 साली कामेत शिखर सर करून परतताना इथे पोचला. त्या काळी मेंढपाळही येत आणि फुलंही होती. म्हणून मेंढ्यांमुळे फुलं? कावळा बसायला आणि फांदी तुटायला! निकाल लावायचा तर एक तुकडा चरू द्या, शेजारचा कुंपणात ठेवा आणि दोन्हींतली फुलं वर्षानुवर्षं मोजा. म्हणजे पुन्हा तोच चेष्टेचा चौकोन.

असा चौकोन काय सांगतो ते अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बघा. तिथे गॉथिक नावाच्या ठिकाणी, सुमारे 2,900 मीटर उंचीवर, जीवशास्त्रज्ञ डेव्हिड इनोये यांनी 1973 साली 2 मीटर बाय 2 मीटरचे चौकोन ठरवले आणि उन्हाळाभर दिवसाआड त्यांतली फुलं मोजायला सुरुवात केली. 2014 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 39 वर्षांचा हिशेब मांडला: 60 जाती, 20 लाखांवर फुलं आणि 1970च्या दशकापेक्षा 35 दिवस जास्त चालणारा बहर. ऐकायला बरं वाटतं. पण बर्फ लवकर वितळलं की कळ्याही लवकर धरतात आणि जूनमधल्या एखाद्या कडाक्याच्या थंडीच्या रात्री करपून जातात. तिथल्या एका रानसूर्यफुलाच्या 1992 ते 1998 या काळात सरासरी 36 टक्के कळ्या अशा गेल्या, 1999 ते 2006 या काळात 74 टक्के. आणि ही नोंद फोटोतून निघाली नसती; कळ्या करपल्या तरी कुरण हिरवंगारच असतं, बघणाऱ्याला वाटतं, फुलायला अजून अवकाश आहे.