एलएसपीव्हीत नाव दिसलं म्हणजे क्लोन पक्का? नाही हो

एआयएक्स (आयबीएमची सर्व्हरसाठीची युनिक्स सिस्टिम) सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज परत फिरायला लागलाय. सार असं: ‘पॅचिंगआधी रूटव्हीजीचा (ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या व्हॉल्यूम ग्रुपचा, म्हणजे डिस्कच्या गटाचा) दुसऱ्या डिस्कवर क्लोन घ्या. एलएसपीव्हीत (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) अल्टइन्स्ट_रूटव्हीजी (क्लोनला मिळणारं नाव) दिसला की क्लोन ओके. त्याच्यापुढे ॲक्टिव्ह नसेल तर क्लोन गंडलाय, व्हॅरीऑनव्हीजी (व्हॉल्यूम ग्रुप चालू करणारी कमांड) मारा. बूटलिस्टला (कुठल्या डिस्कवरून बूट करायचं त्या यादीला) धक्का लागत नाही. क्लोन आहे म्हटल्यावर मेकसिसबी (रूटव्हीजीचा फाइलमध्ये घेतलेला बॅकअप) कशाला? काम झालं की एक्स्पोर्टव्हीजी (सिस्टिममधली व्हॉल्यूम ग्रुपची नोंद काढणारी कमांड) करून डिस्क मोकळी करा.’

क्लोन घ्या, हे बरोबर. त्यापुढचं एकेक बघू.

‘नाव दिसलं की ओके.’ त्या नावावरून एवढंच कळतं की या डिस्कवर रूटव्हीजीची प्रत म्हणून नोंद आहे. ती कालची की दिवाळीच्या आधीची, हे एलएसपीव्ही सांगत नाही. क्लोन म्हणजे मिरर नव्हे. कॉपी झाली त्या क्षणाला तो थांबतो. शिवाय कॉपी होते ती त्या वेळी माउंट असलेल्या फाइलसिस्टिमचीच. कोणी रूटव्हीजीतली एखादी अनमाउंट करून ठेवली असेल, तर क्लोनमध्ये ती नाही, आणि नाव मात्र तेच दिसणार. म्हणून /व्हार/ॲडम/रास मधला अल्ट_डिस्क_इन्स्टचा लॉग उघडायचा, तारीख बघायची, शेवटपर्यंत वाचायचा.

‘ॲक्टिव्ह नाही म्हणजे गंडलाय.’ उलट आहे. क्लोन झोपलेलाच असायला हवा. आत डोकवायचं असेल तर अल्ट_रूटव्हीजी_ऑप ला उणे डब्ल्यू देऊन त्याला उठवायचं; त्याच्या फाइलसिस्टिम /अल्ट_इन्स्ट खाली माउंट होतात. तिथल्या पासवर्ड फाइलची आणि क्रॉनटॅबची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीची) तारीख बघितली की क्लोनचं वय लपत नाही. बघून झालं की उणे एस देऊन परत झोपवायचं, कारण उठवलेल्या क्लोनवरून बूट करायचं नसतं. अजून एक: चालू सिस्टिमची आवृत्ती क्लोनच्या बरोबरीची किंवा वरची असावी लागते. नवी आवृत्ती क्लोनवर आणि जुनी चालू, असं असेल तर इथून त्याला उठवू नका. आणि हाताने व्हॅरीऑनव्हीजी तर अजिबात नको.

‘बूटलिस्टला धक्का लागत नाही.’ या वाक्याने माझा एक अख्खा रविवार खाल्लाय. अल्ट_डिस्क_कॉपी (क्लोन घेणारी कमांड) काम संपताना बूटलिस्ट क्लोनच्या डिस्कवर वळवते. तशी वळू नये म्हणून उणे बी द्यावा लागतो, आणि तो आम्ही दिला नव्हता. पॅचिंग काही कारणाने पुढे ढकललं, क्लोन तसाच राहिला. दोन-अडीच महिन्यांनी विजेच्या कामासाठी सर्व्हर बंद करून चालू केला, तर लोकांचे पासवर्ड चालेनात, क्रॉनमधली नवी कामं गायब. मधल्या काळात बनवलेला एक व्हॉल्यूम ग्रुप तर त्या सिस्टिमला माहीतच नव्हता, कारण तिची ओडीएम (सिस्टिमचा डिस्क, डिव्हाइस वगैरेंच्या नोंदींचा डेटाबेस) क्लोनच्या दिवशीची. डेटाबेसवाले माझ्याकडे बघतायत, मी स्टोरेजवाल्यांकडे. एलएसपीव्ही मारलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: एचडिस्क१ वर रूटव्हीजी ॲक्टिव्ह, आणि नेहमीच्या एचडिस्क० पुढे ओल्ड_रूटव्हीजी. मशीन क्लोनवरून उठलं होतं! बूटलिस्ट एचडिस्क० वर वळवून रीबूट केलं आणि गाडी रुळावर आली. पण तोवर दुपार झाली होती, आणि तेवढ्या वेळात क्लोनवर जमा झालेले लॉग आणि बदललेले पासवर्ड वेगळे शोधावे लागले.

तेव्हापासून एलएसपीव्हीच्या पाठोपाठ दोन कमांड हाताला लागल्यात. बूटइन्फो उणे बी: मशीन आत्ता कुठल्या डिस्कवरून उठलंय. बूटलिस्ट उणे एम नॉर्मल उणे ओ: पुढच्या वेळी कुठून उठणार. (हो, उणे बी इथेही आहे आणि अर्थ निराळा. नावं ठेवणाऱ्यांना हात जोडावेत.) या दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत, तर तसं मुद्दाम केलंय का ते विचारा.

‘मेकसिसबी कशाला?’ क्लोन त्याच मशीनला लावलेल्या डिस्कवर असतो, बऱ्याचदा त्याच स्टोरेजच्या पेटीत. पेटी गेली की दोन्ही गेले. मेकसिसबीची फाइल दुसरीकडे हलवता येते. डेटाचे व्हॉल्यूम ग्रुप या दोन्हींत नसतात, त्यांचा बॅकअप वेगळाच.

‘एक्स्पोर्टव्हीजी करा.’ नको. क्लोन काढायचा तो अल्ट_रूटव्हीजी_ऑप ला उणे एक्स देऊन. ती ओडीएममधली नोंद काढते आणि बूटलिस्ट चालू बूट डिस्कवर परत आणते. एक्स्पोर्टव्हीजी बूटलिस्टला हात लावत नाही. म्हणजे एलएसपीव्हीतून नाव गेलेलं, डिस्कवरचा मजकूर मात्र जागच्या जागी आणि बूटलिस्ट अजून तिकडेच. माझ्या रविवारी निदान ओल्ड_रूटव्हीजी हे नाव वाचून उलगडा झाला. इथे रीबूटच्या आधी संशय यायलाही काही उरत नाही.