‘विसराळू माणसाला काय विचारायचे?’

खानदेशात सध्या एक संदेश मोबाइलवरून घरोघरी फिरतो आहे: ‘म्हातारे माणूस उपचारांना नाही म्हणाले, की त्याचे डोके ठिकाणावर नाही असे समजावे, मुलाची सही पुरते, विसराळू माणसाला विचारून उपयोग नाही.’ तो काळजीपोटी लिहिला असेल, पण त्यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत.

आपल्याला न पटणारा निर्णय हा अक्षमतेचा पुरावा नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ४ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. तो कायदा मानसिक आजारांपुरता असला, तरी ज्याला मानसिक आजारच नाही त्याचा हक्क त्याहून कमी कसा असेल?

मुलाच्या सहीचे म्हणावे, तर भूल दिलेल्या एका महिलेच्या आईची संमती घेऊन केलेली शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली विनासंमती ठरवली, कारण जिवावर बेतलेले नव्हते आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे प्रश्न विचारण्याची पद्धतच तपासली जात नाही. अमळनेर तालुक्यातल्या माझ्या आजीचे पायाचे बोट मधुमेहाने काळे पडले, तेव्हा रात्री नऊ वाजता, कानातले यंत्र घरी राहिलेले असताना, बोट कापण्याबद्दल तिला निम्म्या इंग्रजीत विचारले गेले; ती गप्प राहिली आणि ‘यांना समजत नाही’ असा शेरा पडला. जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवे औषध यांमुळे वृद्धांना तात्पुरता भ्रम होतो, तो बहुधा संध्याकाळी वाढतो आणि कारणावर उपचार झाले की बऱ्याचदा ओसरतो; म्हणून क्षमता त्या वेळेपुरती आणि त्या निर्णयापुरती पाहायची असते.

डॉक्टरांनी सकाळी पुन्हा विचारायचे मान्य केले, हे त्यांचे मोठेपण. यंत्र लावून, चष्मा देऊन, मामींनी एकेक गोष्ट अहिराणीत सांगितली. “माले समजस,” आजी म्हणाली, आणि बोट ठेवले तर काय होईल, ओट्यापर्यंत चालता येईल का, असे तिने स्वतः विचारले. नंदुरबारची लेक येईपर्यंत एक दिवस थांबा, एवढीच तिची अट होती. डॉक्टरांनी पाय पुन्हा तपासून ती मानली. दुसऱ्या दिवशी संमतिपत्रावर तिने थरथरत्या हाताने सही केली आणि मामांनी साक्षीदाराच्या रकान्यात.