पक्ष्यामागे पन्नास

मुंबईत पक्षी किती? कावळा, कबुतर, चिमणी आणि घार. एवढ्या अभ्यासावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून बसलो, "पक्षी मोजायच्या स्पर्धेत आमच्या टीमला दिसेल त्या प्रत्येक जातीमागे 50 रुपये माझे!" संक्रांतीच्या मांज्याने पंख कापले गेलेल्या पक्ष्यांच्या उपचारासाठी वर्गणी होती. माझा हिशेब 200 रुपयांचा. टाळ्या मात्र दोन हजारांच्या पडल्या.

टीम चौघांची. नववीतली पुतणी कॅप्टन, थर्मासवाल्या शेजारच्या काकू, ऑफिसातला मित्र आणि मी. नियम असा की तिघांनी पाहिला तरच पक्षी यादीत. मित्र नेमका चष्मा घरी विसरलेला, त्यामुळे आयुष्यात प्रथमच माझ्या मताला किंमत आली होती. 50 रुपये.

फेब्रुवारीतली सकाळ, बोरिवलीचं नॅशनल पार्क. अर्ध्या तासात शिंपी, सुतार, तांबट, धोबी, कोतवाल सगळे हजर. अख्खा गावगाडा झाडावर येऊन बसलेला आणि बलुतं देणार मी एकटा!

"काका, दुसऱ्या फांदीवर बघा. दिसला?"

"कुठे गं?" मी दुर्बीण खोडावर रोखून म्हणायचो.

ही युक्ती तीन पक्षी चालली. चौथ्याला काकूंनी मागून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि घट्ट झालेला नळ फिरवावा तसं फिरवलं. समोर हळद्या. पिवळाधम्मक, डोळ्यातून मागे काजळाची रेघ ओढलेली, चोच गुलाबी.

"आई गं, काय दिसतो!" मी म्हणालो. लगेच जीभ चावली, पण पुतणीने लिहून घेतलं होतं.

दुपारी शिवडी. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पाखरं जेवायला उतरतात, म्हणून कॅप्टनने भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून आम्हाला पळवत आणलं होतं. (आम्ही मात्र थालीपीठ टॅक्सीत खाल्लं.) समोर फ्लेमिंगोंची गुलाबी पंगत बसलेली, चोची उलट्या करून चिखल गाळणं चाललेलं.

"रोहित! घ्या 50," मी उदारपणे म्हणालो.

"शंभर," पुतणी म्हणाली. "चोच बघा ना काका. सगळी गडद तो लहान रोहित. गुलाबी आणि फक्त टोक काळं तो मोठा."

इतक्या लांबून चोचीचं टोक बघतात ही मुलं, आणि समोरच्या टेबलावरचा डबा दिसत नाही.

संध्याकाळी आकडा 68 वर थांबला. म्हणजे 3400 रुपये. यादी आठच्या आत पाठवायची होती. मी गरम पाण्यात पाय सोडून गॅलरीत ती वाचत बसलो, एखादा तरी पक्षी दोनदा लिहिला गेला असेल या आशेने. कावळा होता. चिमणी होती. घार होती.

एसीच्या डब्यावर कबुतर खसफसलं.

मी यादी पुन्हा वाचली. दिवसभरात हजारभर कबुतरं बघितली असतील, एकानेही लिहिलं नव्हतं. आठला सहा मिनिटं होती. ते माझ्याकडे बघत होतं, मी त्याच्याकडे. आठला पाच मिनिटं राहिली तेव्हा फोन उचलला.

"बाळा, कबुतर राहिलं."

"अय्या, हो की! माझ्या खिडकीत आहे एक. तिसऱ्या काकू, त्यांना दाखवा पटकन!"

ओल्या पायांनीच काकूंची बेल वाजवली.