दंडगोल डायोडमध्येही घात दीडच राहतो

माझी भाची भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये १.४७ हा आकडा खोडून त्याच्या डोक्यावर २ लिहिलेले मी परवा पाहिले. डायोड या निर्वात नळीतला प्रवाह आणि विद्युतदाब यांच्या लॉग-लॉग आलेखाचा चढ, म्हणजेच दाबाचा घात, तिने बरोबर काढला होता; तो बदलला, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्समध्ये असे छापले आहे की प्रवाह विद्युतदाबाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो, हा नियम फक्त सपाट इलेक्ट्रोडांना लागू पडतो आणि दंडगोलात तो घात दोन होतो. हे धादांत चूक आहे, आणि त्यापायी एका मुलीने स्वतःचे खरे मोजमाप खोडले, याची मला चीड येते.

इलेक्ट्रोडांचा आकार कोणताही असू द्या. मधल्या प्रत्येक बिंदूवरचे विभव (तिथला विद्युतदाब) चौपट झाले, तर विभव आणि प्रभार यांचे नाते सांगणाऱ्या पॉयसाँच्या समीकरणानुसार तिथली प्रभारघनता चौपट व्हावी लागते; इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडवरून जवळजवळ शून्य वेगाने निघालेल्या इलेक्ट्रॉनचा वेग विभवाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीने वाढतो; आणि प्रवाह या दोहोंच्या गुणाकारावर ठरत असल्याने तो आठपट होतो. चारचा दीड घात आठच आहे. या मांडणीत वक्रता कुठेच येत नाही.

वक्रतेने बदलतो तो घातापुढचा गुणक, आणि नेमके तिथे या नोट्स म्हणतात की सपाट इलेक्ट्रोडांच्या सूत्रात त्रिज्यांमधले अंतर घातले की झाले. १ मिलिमीटर त्रिज्येचा कॅथोड, इलेक्ट्रॉन झेलणारा १० मिलिमीटर त्रिज्येचा ॲनोड आणि १०० व्होल्ट घेऊन पाहा. सपाट सूत्रात कॅथोडचे क्षेत्रफळ घातले तर दर सेंटिमीटर लांबीला सुमारे १.८ मिलिअँपिअर येतात, ॲनोडचे घातले तर १८. यातले कोणते घ्यायचे, हे नोट्स सांगत नाहीत. अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९२३ साली 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये समअक्ष दंडगोलांसाठी जे कोष्टक दिले, त्यावरून उत्तर सुमारे १५ येते. एककेंद्री गोलांचे गणितही त्यांनी पुढच्याच वर्षी करून ठेवले आहे. फट त्रिज्येच्या मानाने अगदी अरुंद असेल तर सपाट सूत्र चालते, हे खरे. पण नोट्समध्ये ही अट नाही.

१.४७ का, १.५ का नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. इलेक्ट्रॉनांचा सुरुवातीचा थोडासा वेग आणि दोन धातूंमधले स्पर्शविभव (वेगळे धातू जोडल्याने आपोआप येणारा विद्युतदाबाचा फरक) यांमुळे कमी विद्युतदाबावरची रीडिंग थोडी ढळतात, पण त्या ढळण्याने दीडाचे दोन होत नाहीत.

प्रवाह कमी पडला तर फिलामेंट (कॅथोडची तापणारी तार) आणखी तापवा, हा नोट्समधला सल्ला तर नळीच्याच जिवावर उठणारा आहे. आलेख वर जाऊन आडवा झाला असेल, म्हणजे प्रवाह संपृक्त असेल, तर तापमानाने तो वाढतो, एवढे मान्य करावे लागेल. दीड घाताच्या टप्प्यात मात्र कॅथोडसमोर इलेक्ट्रॉनांचा ढग आधीच दाटलेला असतो आणि तो नव्याने निघालेल्यांपैकी बहुतेकांना परत लोटतो. तिथे फिलामेंट जास्त तापवले की ढग आणखी दाट होतो, मीटरचा काटा जवळपास होता तिथेच राहतो आणि फिलामेंटची धातू भराभर उडून जाते.