मिउरा पहिली नव्हती, आणि दुर्मिळ गाडी घेऊन नुसती झाकून ठेवायची नसते

सगळ्या कार ग्रुपवर सध्या एक पोस्ट फिरतेय, लाल मिउराचा फोटो आणि खाली भलामोठा मजकूर. सारांश असा: लॅम्बोर्गिनी मिउरा (१९६६) ही जगातली पहिली मिड-इंजिन रोड कार, तोवर इंजिन ड्रायव्हरच्या मागे टाकायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, फेरारीने ट्रॅक्टर बनवणाऱ्या लॅम्बोर्गिनीचा अपमान केला म्हणून त्याने इरेला पेटून ही गाडी काढली, फेरारीला मिड-इंजिन जमतच नव्हतं, आणि शेवटी गुंतवणुकीचा सल्ला, की अशी दुर्मिळ गाडी मिळाली तर डोळे झाकून घ्या आणि कव्हर टाकून ठेवा, भाव कधीच पडत नाही. फोटो सुंदर आहे, वाद नाही. बाकीचं बघू.

आधी 'पहिली' हे प्रकरण. मिड-इंजिन म्हणजे इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे, दोन अ‍ॅक्सलच्या मधे. (फोक्सवॅगन बीटल किंवा पोर्शे ९११ यात येत नाही, तिथे इंजिन चाकांच्याही मागे लटकलेलं असतं, हा गोंधळ कमेंटमधे कायम होतो.) तर अशी गाडी गिऱ्हाइकाला विकायला बनवली फ्रान्समधल्या रेने बोनेने, नाव जेट, साल १९६२, म्हणजे मिउराच्या चार वर्षं आधी. फायबरग्लासची चिमुकली बॉडी, इंजिन रेनॉ ८ चं ११०८ सीसी, गिअरबॉक्स चक्क रेनॉच्या एस्ताफेत नावाच्या डिलिव्हरी व्हॅनचा, आणि ब्रेक मात्र चारी चाकांना डिस्क! बोनेचे पैसे संपले, १९६४ मधे मात्रा कंपनीने कारखाना ताब्यात घेतला आणि गाडी चालू ठेवली. १९६५ मधे फ्रेंच सरकारने युरी गागारिनला हीच गाडी भेट दिली होती, अंतराळात जाऊन आलेल्या माणसाला व्हॅनचा गिअरबॉक्स, पण त्याचे गाडीसोबतचे फोटो बघा, खूश दिसतो. सगळ्या मिळून दोन हजारही बनल्या नाहीत म्हणून कुणाला माहीत नाही, इतकंच.

आणि जेट एकटी नाही. १९६१ मधे फेरारीतून एकदम बाहेर पडलेल्या मोठ्या लोकांपैकी इंजिनिअर कार्लो कीती वगैरे मंडळींनी एटीएस ही कंपनी काढली, त्यांची २५०० जीटी १९६३ च्या जिनिव्हा शोमधे आली, मधे स्वतःचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बनल्या डझनभर. मग दे तोमासोची वालेलुंगा, फोर्ड कोर्टिनाचं दीड लिटरचं इंजिन, साधारण पन्नास गाड्या. रस्त्यावर चालवता येणारी पोर्शे ५५० स्पायडर तर १९५३ ची, हॉलिवूडचा नट जेम्स डीन जिच्या अपघातात गेला ती. आणि खुद्द पोर्शेच्या नावाची पहिली गाडी, १९४८ ची ३५६ नंबर वन, तीही मिड-इंजिनच, पण ती एकच बनली, विक्रीच्या ३५६ मधे सीट आणि सामानाला जागा हवी म्हणून इंजिन परत मागे ढकललं.

'कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं' हे त्यामुळे आपोआपच गेलं. जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीच्या रेसिंग गाड्या १९३४ पासून तशाच होत्या, आणि जॅक ब्रॅबमने १९५९ आणि १९६० चं फॉर्म्युला वन मिड-इंजिनच्या कूपर गाडीत जिंकल्यावर पुढे इंजिन ठेवणारं जवळजवळ कुणी उरलंच नाही.

अपमानाची गोष्ट खरी असो वा नसो, ती कंपनी सुरू करण्याची गोष्ट आहे, मिउराची नव्हे. कंपनी १९६३ ची आणि तिची पहिली विक्रीची गाडी ३५० जीटी, इंजिन पुढे. मिउरा ही दाल्लारा, स्तान्झानी आणि बॉब वॉलेस या कंपनीतल्याच तरुण पोरांची खटपट, कामाची वेळ संपल्यावर चाललेली, मालकाला रेसिंगमधे रस नव्हता पण जाहिरात होईल म्हणून त्याने हो म्हटलं. नोव्हेंबर १९६५ मधे तुरिनला नुसती चॅसी ठेवली, वर बॉडीच नाही, आणि तरी लोक ऑर्डर द्यायला आले. बॉडी नंतर बर्तोने या डिझाइन कंपनीच्या गांदिनीने केली. मिउराचं खरं श्रेय हे, की जवळपास चार लिटरचं, बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन तिने आडवं बसवलं आणि श्रीमंत गिऱ्हाइकाला मिड-इंजिनची चटक लावली. हे काय कमी आहे का, उगाच 'पहिली'चा बिल्ला कशाला!

फेरारीला जमत नव्हतं म्हणे. १९६१ ची फॉर्म्युला वन चॅम्पियनशिप आणि ल मॉंची चोवीस तासांची शर्यत १९६३, ६४, ६५ ओळीने, सगळं मिड-इंजिनवर. मालक एन्झो फेरारीची भीती गिऱ्हाइकाबद्दल होती, कारण या गाडीचं वजन मधे असल्याने ती वळते झटकन पण सुटली तर तितक्याच झटकन गोल फिरते, रेसर सावरेल, रविवारी फिरायला निघालेला शेठ सावरेल का? म्हणून आधी छोटी डिनो आणली, तीही फेरारीचं नाव न लावता, आणि बारा सिलिंडरची मिड-इंजिन रोड कार थेट १९७३ मधे.

आता 'घ्या आणि झाकून ठेवा'. भाव पडत नाही म्हणणाऱ्याने १९९० च्या सुमाराला क्लासिक गाड्यांचा बाजार कसा कोसळला ते वाचावं, ऐन तेजीत कर्ज काढून घेणारे तेव्हा पार बुडाले. आणि उभी गाडी जास्त खराब होते हे पद्मिनीवालासुद्धा सांगेल, ऑइल सील वाळतात, पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमधे बसतो, रबरी पाइप तडकतात. मिउरामधे तर वेबर कार्बोरेटर गरम इंजिनच्या डोक्यावर, ट्रॅफिकमधे उभं राहून पेट्रोल ओसंडलं की आग, आणि अशा जळालेल्या मिउरा थोड्याथोडक्या नाहीत. वर बहुतेक मिउरांत इंजिन आणि गिअरबॉक्सला तेल एकच, म्हणजे गिअरचा चुरा इंजिनात फिरणार, ते वेगळं झालं एसव्ही या शेवटच्या मॉडेलच्या शेवटच्या काही गाड्यांमधे.

पोस्टवाल्याला एक गोष्ट कळलीच नाहीये, किती गाड्या बनल्या यापेक्षा इंजिन कुणाचं आहे यावर ती सांभाळता येईल का ते ठरतं. वालेलुंगा पन्नासच, पण फोर्डचं इंजिन आजही कुणीही मेकॅनिक उघडेल. एटीएसचा व्ही८ बिघडला तर पार्ट नव्याने मशीनवर बनवून घ्यावा लागणार, नमुना मागायला जगात डझनभर लोक. १९६६ च्या शेवटी आलेली लोटस युरोपा बघा, रेनॉ १६ चं इंजिन-गिअरबॉक्स उचलून उलटं फिरवून मागे बसवलं, मग चाकं उलटी फिरून चार रिव्हर्स गिअर झाले असते म्हणून आतला क्राउन व्हील (चाकांकडे ताकद वळवणारं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला घेतला. स्वस्त आणि मस्त. भानगड बॉडीची, पहिल्या सिरीजमधे फायबरची बॉडी चॅसीला कायमची चिकटवलेली, चॅसी गंजली की कापाकापी. सिरीज टू मधे बोल्ट आले. त्यामुळे घेताना इंजिन चालू करून खूश होऊ नका, खाली झोपून चॅसी बघा, आणि पुढची काच, दिवे, दाराची हँडलं जागेवर आहेत का ते बघा, इंजिन मिळतं, हे मिळेलच असं नाही.

आणि आपल्याकडे आणून चालवायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी, २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच.

मला विचाराल तर मिउरा नको, सिरीज टू युरोपा द्या. पहिल्या सिरीजच्या दाराच्या काचा खालीच होत नाहीत, पुण्यात मे महिन्यात कोण बसणार त्यात.