स्कॅग्वेच्या रेल्वेसहलीबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्यामार्फत केलेल्या अलास्का क्रूझबाबत आपण दिलेला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. स्कॅग्वे या अलास्कातील बंदरावरील व्हाइट पास रेल्वेची सहल आपल्या कुटुंबाला करता आली नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. एवढ्या लांबचा आणि एवढ्या खर्चाचा प्रवास पुन्हा पुन्हा होत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्यामागे लोटलेल्या गर्दीसाठी १८९८ साली बांधायला घेतलेल्या त्या अरुंद रुळांवरून गाडी बंदरापासून घाट चढत खिंडीपर्यंत जाते, आणि ती पाहण्याची आपल्या मातोश्रींची खास इच्छा होती, हे आम्ही विसरलो नव्हतो.

मात्र ‘सहलीचे पैसे घेतले आणि ऐनवेळी वेटलिस्ट सांगून हात वर केले’ हे आपले वाक्य आम्हाला फार लागले. किनाऱ्यावरील सहलींचे पैसे क्रूझ कंपनी घेते, आणि प्रतीक्षायादीतील सहलीसाठी आमच्या कार्यालयाने आपल्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. आपल्याला दिलेल्या जीएसटी बिलात क्रूझचे भाडे, विमानाची तिकिटे, अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांच्या व्हिसाचा खर्च आणि आमचे सेवाशुल्क एवढेच आहे. जहाजावर इतर सहलींसाठी आपल्या खात्यावर पडलेली रक्कम त्या सहलींचीच आहे.

आता प्रतीक्षायादीविषयी. जानेवारीत केबिन निश्चित झाली, त्याच आठवड्यात आम्ही सहलींची यादी आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि रेल्वेच्या जागा लवकर संपतात, असे त्यात ठळक अक्षरांत लिहिले होते. आपला होकार एप्रिलच्या मध्यास आला. उशिराचे कारण घरगुती होते, त्याचा उल्लेख येथे करणे आम्हाला योग्य वाटत नाही. परंतु तोपर्यंत आपल्या जहाजाच्या वाट्याच्या जागा भरल्या होत्या, आणि त्या जागा आम्ही ठाण्यात बसून वाढवू शकत नाही.

‘आमच्याच जहाजावरील डोंबिवलीच्या जोडप्याला जागा मिळाली, मग आम्हाला का नाही?’ असा प्रश्न आपण विचारला आहे. त्याचे उत्तर असे की, त्यांना दोन जागा हव्या होत्या आणि आपल्याला सहा. भारतीय रेल्वेत एका पीएनआरवरील सहा प्रवाशांपैकी दोघांचे तिकीट कन्फर्म होऊन चौघे वेटिंगवर राहू शकतात, पण येथे तसे झाले नसते. सहा जणांची एकत्रित विनंती असेल, तर एकाच फेरीत सहा जागा मोकळ्या झाल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. म्हणूनच दोन-दोनच्या तीन विनंत्या कराव्यात, असे आम्ही सुचवले होते. त्यावर रात्री पावणेबाराला आलेला आपला संदेश आजही आमच्याकडे आहे: ‘सगळे एकाच डब्यात बसणार, नाहीतर नको.’ कुटुंबाने एकत्र बसावे ही इच्छा चुकीची मुळीच नाही, पण तिचा परिणाम काय होईल हे आम्ही त्याच रात्री कळवले होते. बाहेरून, म्हणजे थेट रेल्वेकडून तिकीट काढण्याचा मार्गही सांगितला होता. बाहेरच्या सहलीवरून परतायला उशीर झाला तर जहाज थांबेलच असे नाही, या भीतीने आपण तो नाकारलात. ती भीती रास्त होती आणि आम्ही आग्रह धरला नाही.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. निघताना दिलेल्या छापील कागदावर, जहाजावर चढल्याबरोबर एक्सकर्शन डेस्कवर, म्हणजे सहलींच्या काउंटरवर, जाऊन वेटलिस्टची चौकशी करावी, अशी सूचना पहिल्याच ओळीत होती. सहल रद्द करण्याची मुदत संपण्यापूर्वी काही प्रवासी बेत बदलतात, आणि सुटलेल्या जागा त्याच वेळी हाती लागतात. स्कॅग्वेच्या आदल्या संध्याकाळी आपण डेस्कवर गेलात, असे आपल्याच अभिप्रायात आहे. तोवर ती मुदत उलटून गेलेली असते.

आमचा व्यवसाय मोठा नाही. आम्ही पती-पत्नी आणि एक सहकारी नौपाड्यातील एका गाळ्यातून तो चालवतो, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या चौकशा नेमक्या याच दिवसांत येतात. आपला अभिप्राय वाचून दोन जुन्या ग्राहकांनी ‘खरंच पैसे घेतले होते का?’ असे फोनवर विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे ते क्षणभर सुचेना. यापुढे प्रतीक्षायादीची माहिती अधिक स्पष्टपणे देण्याचा आमचा प्रयत्न राहीलच.

तारे वाढवावेत, अशी आमची विनंती नाही. नाराजी आपली आहे आणि ती व्यक्त करण्याचा हक्कही आपलाच आहे. फक्त पैसे घेतल्याचे ते एक वाक्य, बिल एकदा पुन्हा पाहून, दुरुस्त करावे. बिलाची प्रत आजच आपल्या ईमेलवर पुन्हा पाठवली आहे.

आपला नम्र,
संचालक