ती करसवलत मक्याच्या शेतकऱ्याला मिळतच नव्हती

साखरपट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरून फिरून येतो. आशय असा: अमेरिकी सरकार मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलसाठी गॅलनमागे (सुमारे पावणेचार लिटरमागे) शेतकऱ्याला थेट पैसे देतं. मुदत संपली की तिथली संसद दरवेळी सवलत वाढवून देते, म्हणून मक्याचा शेतकरी टिकून आहे. विरोध करणारे सगळे तेल कंपन्यांचे हस्तक. आपल्याकडेही अशी सवलत आली की उसाचं भलं झालंच म्हणून समजा.

उसाचं भलं मलाही हवंय, म्हणूनच हे लिहितोय. चुकीच्या दाखल्यावर उभी केलेली मागणी पहिल्याच उलट प्रश्नाला आडवी होते.

आधी पैसे कुणाला मिळायचे ते पाहू. गॅलनमागे ४५ सेंटची ती करसवलत इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्याची होती. डेपोत टँकर उभा राहतो, दोन्ही इंधनं त्यात भरली जातात, आणि सवलतीचा हक्क तिथे तयार होतो. शेतकऱ्याने मका विकून, पैसे घेऊन कधीच घर गाठलेलं असतं. मिसळणारे बहुतेक कोण? रिफायनऱ्या आणि इंधनाचे मोठे व्यापारी. म्हणजे ज्या तेल कंपन्यांचे ‘हस्तक’ सवलतीला विरोध करत होते म्हणतात, सवलत घेणाऱ्यांत त्याच कंपन्या होत्या. मागणी वाढून मक्याच्या भावाला थोडा टेकू मिळतो हे मान्य. पण ‘थेट शेतकऱ्याला’ हे साफ खोटं.

विरोधकांची खरी यादीही पाहण्यासारखी आहे. १६ जून २०११ रोजी सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, ७३ विरुद्ध २७ मतांनी ही सवलत बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. विधेयकातली ही दुरुस्ती कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट डायान फाइनस्टाइन आणि ओक्लाहोमाचे रिपब्लिकन टॉम कोबर्न यांची. पाठीशी पर्यावरणवाले होते, सरकारी खर्चावर बोट ठेवणारे होते आणि खाद्य महागल्याने मेटाकुटीला आलेले कोंबडी-डुकरं पाळणारेही होते. ते शेतकरी नव्हेत काय?

‘दरवेळी वाढवते’ हेही इथेनॉलच्या बाबतीत खरं नाही. त्या दुरुस्तीचा कायदा झाला नाही, पण डिसेंबर २०१० मध्ये मिळालेली एका वर्षाची वाढ शेवटची ठरली. ३१ डिसेंबर २०११ ला सवलत संपली, ती पुन्हा आली नाही. त्याआधी उद्योगाच्या बाजूने केलेल्या एका अभ्यासात उत्पादन ३८ टक्क्यांनी घटेल असा इशारा होता. झालं काय? २०११ मध्ये सुमारे १३.९ अब्ज गॅलन, २०१२ मध्ये १३.२. ही घट मुख्यतः त्या वर्षीच्या भीषण दुष्काळाची. २०१४ मध्ये १४.३ अब्ज गॅलन, म्हणजे तोवरचा विक्रम!

याचं कारण करात नव्हतंच. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी दरवर्षी इतकं जैवइंधन मिसळलंच पाहिजे अशी सक्ती तेल कंपन्यांवर घातली होती. गिऱ्हाईक कायद्याने बांधून दिलेलं असताना वर सवलत कशाला? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०११ मध्ये हेच विचारलं होतं. २०१० या एका वर्षात या सवलतीपायी ५.४ अब्ज डॉलरचा महसूल बुडाला, असा त्यांचा हिशोब होता.

बायोडिझेलची, म्हणजे वनस्पती तेल किंवा चरबीपासून बनणाऱ्या डिझेलची, गोष्ट वेगळी, आणि मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा दोन्हींची सरमिसळ केलीय. त्याची गॅलनमागे एक डॉलरची सवलत खरोखर पुन्हा पुन्हा वाढवली गेली, पण कशी? मुदत संपू द्यायची आणि मागाहून, मागच्या तारखेपासून लागू करायची. २०१७ ची सवलत फेब्रुवारी २०१८ मध्ये मंजूर झाली. २०१८ ची तर डिसेंबर २०१९ मध्ये. ते इंधन केव्हाच जळून गेलेलं! बायोडिझेल महाग पडतं, त्याला आधाराची गरज आहे, हे मी नाकारत नाही. पण कारखाना काढणाऱ्याला यंदाचा हिशोब यंदा कळायला नको?

पळवाटाही अशाच. परदेशी बायोडिझेलचं जहाज अमेरिकी बंदरात लागायचं, त्यात नावापुरतं, हजारात एक भाग डिझेल ओतलं जायचं, गॅलनमागे डॉलर पदरात पाडून जहाज युरोपला रवाना व्हायचं. या धंद्याला ‘स्प्लॅश अँड डॅश’ असं नाव पडलं होतं. २००८ मध्ये तो कायद्याने बंद करावा लागला.

जैवइंधनासाठी २०२५ पासून आलेली नवी सवलत इंधन तयार करणाऱ्या कारखान्याला मिळते आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२९ अखेरपर्यंत वाढवलीय. शेतकऱ्याच्या खात्यात तीही थेट जात नाही.

राहिला आपला ऊस. इंधनात मिसळायच्या इथेनॉलवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्येच १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तो ५ टक्केच होता, आणि तरी ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचं गणित विस्कटलं ते विस्कटलंच. मागायचंच असेल तर हे मागा: किती इथेनॉल घेणार, कोणत्या भावाने आणि किती वर्षं, हे गाळप सुरू होण्याआधी लेखी द्या.